शिक्षण उपकर : पैसा कुणाचा, हिशेब कुणाला?

नागपुरातल्या घरटॅक्सच्या बिलात राज्य सरकारचा शिक्षण उपकर असतो. 1962 च्या कायद्याने तो शहरी जमिनी व इमारतींवर बसला. महापालिका फक्त वसुली करते. इंदोऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराच्या हाती हे बिल पडत नाही. पण मालक तो पैसा भाड्यात धरतो. म्हणजे भरणारा मजूरच.

हा वाद जुना आहे. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितले की, तिजोरी शेतकऱ्यांच्या श्रमावर भरते, लाभ मात्र उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणाला होतो. 1927 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात हिशेब मांडला : सरकार दारूवरील करातून माणशी दोन रुपयांवर घेते, शिक्षणावर खर्चते अवघे 14 आणे.

शिक्षणासाठी कर वाढवावा का, यावर आपल्याकडे जनतेचे मतदान होत नाही. आमदारच कायद्याने ठरवतात. म्हणून मी म्हणतो, करवाढीला आंधळा विरोध नको आणि आंधळा होकारही नको. नागपुरात महापालिकेच्या कितीतरी मराठी शाळा बंद पडल्या. बिलातला उपकर मात्र चालूच आहे. कार्यकर्त्यांनी अर्थसंकल्पाआधी आमदाराला गाठावे आणि विचारावे : आमच्या वस्तीने भरलेल्या पैशातून आमच्या शाळेला किती आले? हिशेब मागणे ही याचना नव्हे, तो भरणाऱ्याचा हक्क आहे.