गाडीचं पाणी जातं कुठं? इंजिन खोलण्याआधी एवढं तपासा

उन्हाळ्याची सुट्टी लागली, लग्नांचे दिवस आले की घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. बहुतेक जुन्या, सेकंड हँड घेतलेल्या. गेल्या वर्षी त्या रांगेत आम्हीही होतो. कोकणातून पुण्याला परतताना ताम्हिणी घाटाच्या चढणीवर आमच्या १८ वर्षं जुन्या पेट्रोल गाडीचा काटा लाल पट्टीत गेला. गाडीत अम्मी आणि मुलं, बाहेर रणरणतं ऊन. पुढे एका गॅरेजवाल्याने बोनेटमध्ये डोकावून सांगितलं, "गॅस्केट उडालंय, हेड खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आम्हाला घाम फुटला.

गाडी थंड करून, पाणी भरून, थांबत थांबत घरी आणली. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या मिस्त्री चाचांनी इंजिन न खोलता तासाभरात दोष शोधला. रेडिएटरचं झाकण खराब होतं. दोन-तीनशे रुपयांत काम झालं. त्यांनी ज्या क्रमाने तपासलं, तोच क्रम वाचकांसाठी देत आहोत.

पहिला प्रश्न : गाडी गरम कधी होते?

"गाडी गरम होते" एवढंच सांगून भागत नाही. सिग्नलला उभी असताना तापते आणि पळायला लागली की थंड होते, तर संशय फॅनवर. फॅनची मोटर, रिले, फ्यूज किंवा सेन्सर बघायचा. उलट हायवेवर किंवा चढणीवर तापत असेल तर पाणी कमी आहे, रेडिएटर आतून क्षाराने भरला आहे किंवा झाकण दाब धरत नाही. सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर जात असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो किंवा पाइपांत हवा अडकलेली असते.

दुसरा प्रश्न : पाणी बाहेर जातं की आत?

रात्री इंजिनाखाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी थेंब दिसले तर वर त्याच जागी होज पाइप, क्लिप आणि रेडिएटरचे सांधे तपासा. वॉटर पंपाला खाली एक बारीक छिद्र असतं. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं असं समजा. हिरवा, गुलाबी किंवा पांढरट सुकलेला डाग हीसुद्धा गळतीची खूण आहे. शेजारच्या सीटपुढची चटई ओली असेल आणि काचेवर चिकट वाफ धरत असेल तर आतला हीटर गळतो.

झाकणाला हलकं समजू नका. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ बार दाबाखाली तेच ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबर किंवा स्प्रिंग गेली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाजूच्या बाटलीत जाऊन सांडतं. इंजिन थंड झाल्यावर ते परत रेडिएटरमध्ये ओढलं जायला हवं. आमच्या गाडीत बाटली गळ्यापर्यंत भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा होता. चाचांनी तिथेच ओळखलं.

हेड गॅस्केट खरंच गेलंय का?

बाहेर कुठेच थेंब नाही आणि पाणी मात्र रोज कमी होतंय, तेव्हा गॅस्केटचा संशय घ्यायचा. खुणा अशा : गरम इंजिनातही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, ऑइलच्या दांडीवर दुधाळ चहासारखा रंग, थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक. थंड इंजिनात झाकण काढून गाडी सुरू केली तर हवेचे थोडे बुडबुडे येतात आणि थांबतात. ते थांबतच नसतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी मिस्त्रीकडून रेडिएटरला पंप लावून दाबाची तपासणी करून घ्या. गॅस ओळखणारं निळं रसायनही मिळतं; गॅस असेल तर ते पिवळं पडतं. एवढं केल्याशिवाय हेड खोलायला परवानगी देऊ नका. पण खुणा पक्क्या असतील तर टाळाटाळही नको. तशीच गाडी चालवली तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो.

जुगाडाने नुकसान

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. पण तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडून इंजिन योग्य तापमानावर ठेवतो. काढला की गाडी जास्त पेट्रोल खाते, इंजिन लवकर झिजतं. संशय असेल तर भांड्यातल्या पाण्यात टाकून गरम करा. उघडला नाही तर बदला. बोअरचं पाणी ओतणंही टाळा, त्यातला क्षार रेडिएटर बुजवतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नका.

रस्त्यात काटा वर गेला तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. इंजिनाची थोडी उष्णता तिथून निघते. तरी काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. आणि वर गेलेला काटा अचानक खाली आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पाणी सेन्सरच्याही खाली गेलं की काटा खोटं सांगतो.

चाचा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. ही बंद व्यवस्था आहे, इथे पाणी "संपत" नाही, कुठूनतरी जातं. बाटलीवर पेनने खूण करा आणि दर आठवड्याला सकाळी थंड इंजिनात बघा. पाणी खुणेखाली गेलं तर नुसतं भरून निघू नका, ते कुठं गेलं ते आधी शोधा. घरची माणसं गाडीत बसवण्याआधी एवढी पाच मिनिटं जरूर द्या.