रंधा मारताना न हलणारं टेबल

आपल्याकडच्या सुताराचं पिढ्यान्‌पिढ्या टेबलावाचून काही अडलं नाही. तो जमिनीवर बसायचा, फळीचं एक टोक कशाला तरी टेकवायचा, दुसरं टाचेखाली दाबायचा नाहीतर पायाच्या बोटांत धरायचा. वाकस, करवत, पटाशी, रंधा, सगळं बसल्या जागी चालायचं. हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना त्या पायांची पकड आठवत असेल. शिवाय त्याच्या खाली थेट जमीन असायची. ती कितीही जोर लावला तरी सरकत नाही आणि फुकट मिळते.

प्रश्न येतो तो हौशी माणसाचा. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एखादं शेल्फ करायला घेणाऱ्याचे गुडघे आणि बोटं त्या बैठकीला तयार नसतात. त्याला उभं राहून काम करायचं असतं, म्हणजे जमिनीचा तो पक्केपणा कमरेच्या उंचीला आणायचा असतो. मग घरातलं जुनं डायनिंग टेबल गॅरेजमध्ये जातं. करवतीच्या दहाव्या हाताला ते डुगडुगायला लागतं, रंध्याच्या पाचव्या हाताला भिंतीकडे सरकतं, आणि ‘टेबलात दम नाही’ असा निकाल लागतो. पण याच टेबलावर चढून दोन माणसं पंखा बसवतात, तेव्हा ते हूं की चूं करत नाही.

वजन वरून खाली येतं आणि ते पेलायला चार साधे पाय पुरतात. रंध्याचा आणि करवतीचा जोर मात्र आडवा येतो. आडव्या जोराखाली चौकोनी सांगाडा तिरपा होऊ पाहतो आणि तो ताण प्रत्येक कोपऱ्यातल्या सांध्यावर येतो. जेवणाच्या टेबलाला आडवं ढकलायचं कुणाच्या मनातच नसतं, म्हणून त्याचे पाय बारीक आणि सांधे नाजूक असले तरी चालतं. सुतारकामाच्या बेंचचा सगळा विचार या आडव्या धक्क्याभोवती करावा लागतो. लाकूड कुठलं, फळा किती जाड, पट्ट्या किती खाली, या सगळ्याची उत्तरं तिथूनच निघतात.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये ज्यांनी खाचेचा ‘जॉब’ घासूनपुसून सबमिट केला, त्यांनी असं बेंच पाहिलेलं आहे. कळकट, पटाशीच्या घावांनी भरलेलं, आणि चार पोरांनी ढकललं तरी जागचं न हलणारं. त्याचं कूळ युरोपातलं. आंद्रे-जाकोब रुबो या फ्रेंच सुताराने १७६९ ते १७७४ या काळात आपल्या धंद्यावर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातलं बेंच आजही जगभरचे हौशी लोक बांधतात. जाडजूड फळा, तसेच जाड पाय, पाय थेट फळ्यात घुसवलेले, आणि पायांची पुढची बाजू फळ्याच्या पुढच्या कडेशी एका पातळीत. हा शेवटचा मुद्दा बघायला किरकोळ वाटतो, पण दाराची लांब फळी काठावर उभी धरून रंधायची असेल तेव्हा ती फळ्यालाही टेकते आणि पायालाही, त्यामुळे दोन्हीकडे आवळता येते. आपल्या नेहमीच्या टेबलाचा फळा पायांच्या पुढे आलेला असतो, तिथे फळीचं खालचं टोक लोंबकळत राहतं.

आता मापं. बंगल्याचं गॅरेज असो की सोसायटीचं पार्किंग, एका गाडीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा असते. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाड्यांना कर कमी, म्हणून बहुतेक छोट्या गाड्या त्या मापाच्या आत बसवलेल्या असतात. म्हणजे मागच्या भिंतीपाशी मीटरभर जागा उरते. तिथे ६० सेंटिमीटर खोलीचं बेंच बसतं, पण पुढे उभं राहायला ४०च सेंटिमीटर राहतात. काम करताना गाडी बाहेर काढावी लागणार, हे आधीच मान्य केलेलं बरं. (सोसायटीत असाल तर कमिटीची परवानगीही आधी घ्या, लाकूड आणण्यापेक्षा तेच अवघड असतं.) लांबी ५ फूट पुरेशी. उंचीसाठी सरळ उभं राहून हात खाली सोडायचा आणि पंजा जमिनीला समांतर वळवायचा. तो जिथे टेकेल ती हाताने रंधा मारणाऱ्याची उंची. मध्यम बांध्याच्या माणसाला ती ३२-३३ इंच येते, साधारण स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी. बारीक जोडकामच जास्त करणार असाल तर दोन-तीन इंच वाढवा, नाहीतर संध्याकाळी पाठ बोलेल.

फळ्याच्या जाडीत मात्र काटकसर करू नये. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की ती आठपट कमी वाकते. म्हणून दीड इंचाच्या फळ्यावर पटाशी ठोकली की तो उसळतो, घावाचा निम्मा जोर वाया जातो, आणि तीन इंचाच्या फळ्यावर तोच घाव पुरता लाकडात उतरतो. ५ फूट लांब, २४ इंच रुंद आणि ३ इंच जाड फळा म्हणजे अडीच घनफूट लाकूड. लाकडाच्या वखारीत हिशोब असाच होतो: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ने भागायचं. ४ इंच चौरस पाय आणि आडव्या पट्ट्या धरून बेंचला साधारण साडेचार घनफूट लागतं. रंधणं, छाट, गाठी यांत जाणारं धरून साडेपाच मागावं.

कुठलं लाकूड? साग म्हणाल तर प्रश्नच मिटला, पण खिसाही रिकामा होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या सागाचे ओंडके बल्लारपूरहून २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले, तो पटाशीच्या घावांखाली घालणं मला तरी जिवावर येतं. बेंचला देखणेपण नको, वजन हवं. साडेचार घनफुटांचं बेंच पाइनचं केलं तर ६० किलोच्या आसपास भरतं, सागाचं ऐंशीच्या, आणि सालाचं शंभराच्या पुढे जातं. साल स्वस्त आणि जड, पण हट्टी. त्यावर रंधा चालवताना हौस कसाला लागते. पाइन मऊ, सरळ धाग्याचं, नवशिक्याच्या हाताला सोपं. त्याचं हलकेपण झाकायला खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून त्यावर घर बांधताना उरलेल्या फरशांची खोकी रचावीत. कुठल्याही गॅरेजात ती पडून असतातच.

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत यंत्रांच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूड भंगारवाल्यांकडे मिळतं. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, ते घ्यावं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडावं. पुण्यात आणखी एक वाट आहे. जुना वाडा उतरवला की त्याच्या तुळया, खांब, कडीपाटाच्या कड्या विकायला निघतात. हे लाकूड कित्येक दशकं वाळलेलं, म्हणून भरवशाचं. फक्त प्रत्येक तुकड्यावरून आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची धार कायमची घालवतो. आंब्याच्या लाकडाच्या वाटेला मात्र सहसा जाऊ नये. ते स्वस्त असतं, पण भुंग्याला फार आवडतं, आणि वर्षभरात बेंचखाली पिवळसर भुकटीचे ढीग दिसू लागतात.

लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा, ओलावा सहा टक्क्यांनी वाढला की २४ इंचांच्या रुंदीत चार ते सात मिलिमीटर हालचाल करतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गॅरेजात हे दरवर्षी होणारच. त्यावर उपाय फळा बनवण्याच्या रीतीतच आहे. रुंद फळ्या आडव्या न जोडता तीन इंच रुंदीच्या रिपा फाडून त्या काठावर उभ्या करायच्या आणि एकमेकींना चिकटवायच्या. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जास्त हलतं आणि त्यांना छेदणाऱ्या दिशेने कमी. साध्या फाडीच्या फळ्यांतून काढलेल्या रिपा उभ्या केल्या की हालचालीची मोठी बाजू फळ्याच्या जाडीत जाते आणि रुंदी बरीच शांत राहते. विकत आणलेलं लाकूड चार-सहा आठवडे त्याच गॅरेजात रिपांची टेकणं देऊन, हवा खेळेल असं रचून ठेवावं आणि मगच हात लावावा.

चिकटवायला फेविकॉल. १९५९ साली हा पांढरा गोंद बाजारात आला तोपर्यंत सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस उकळून वापरत. तो गरम असतानाच लावावा लागे आणि दमट हवेत मऊ पडे. आता फक्त घाई टाळायची. रिपांच्या दोन्ही बाजू रंधून इतक्या सरळ कराव्यात की दोन रिपा कोरड्याच जोडून उजेडासमोर धरल्या तर फट दिसू नये. फटी गोंदाने बुजत नाहीत, नुसत्या झाकल्या जातात. एका वेळी तीन-चारच रिपा जोडा, कारण आपल्या उन्हाळ्यात गोंद हां हां म्हणता ओढायला लागतो. फूटभर अंतरावर क्लॅम्प लावा, गोंदाचे बारीक मणी सगळीकडून बाहेर आले पाहिजेत, आणि २४ तास हात लावू नका. क्लॅम्प महाग वाटले तर जाड फळीवर दोन ठोकळे स्क्रूने घट्ट बसवून त्यांच्या मधे रिपा ठेवा आणि उरलेल्या जागेत समोरासमोरून दोन पाचरी ठोका. पाचरींचा दाब क्लॅम्पपेक्षा कमी नसतो.

आता सांगाडा, म्हणजे पुन्हा तो आडवा धक्का. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढायचं आणि पायाला त्याच मापाचं चौकोनी भोक पाडून ते आत बसवायचं, ही जुनी रीत अजून कुणी मागे टाकलेली नाही. कुशाचे दोन्ही खांदे पायाला घट्ट टेकतात आणि चौकट तिरपी व्हायला धजत नाही. पट्टी जितकी रुंद तितके खांदे लांब आणि धरण्याची ताकद जास्त, म्हणून पट्टी किमान ४ इंच रुंद ठेवा. सांधा कायमचा आवळायला आणखी एक युक्ती आहे. पायातून आरपार भोक पाडायचं. कुशातलं भोक मात्र खांद्याकडे दीड-दोन मिलिमीटर सरकवून घ्यायचं. मग त्यातून कडक लाकडाची निमुळती खुंटी ठोकली की ती भोकं एका रेषेत आणायला कुसू आतल्या बाजूला ओढते. गोंद नसला तरी सांधा सुटत नाही. खुंटीला बाभूळ उत्तम. बैलगाडीच्या चाकाला जे लाकूड चाललं ते इथे कमी पडणार नाही.

पटाशीचं एवढं काम झेपणार नसेल, किंवा भाड्याच्या घरात राहत असाल, तर दोन बाजूंच्या चौकटी कुशाच्या करा आणि लांब पट्ट्या १० मिलिमीटरच्या बोल्टने जोडा. मोठा वायसर घालायला विसरू नका, नाहीतर नट लाकडात रुततो. असं बेंच सुटं करता येतं आणि टेंपोत जातं. नुसत्या स्क्रूवर किंवा पत्र्याच्या कोनांवर उभं केलेलं बेंच मात्र महिनाभरात खिळखिळं होतं, कारण प्रत्येक हेलकाव्यागणिक स्क्रू आपलं भोक थोडं मोठं करत असतो.

रंध्याची हौस नसलेल्यांसाठी प्लायवुडचा मार्गही वाईट नाही. १८ मिलिमीटरच्या ८ बाय ४ फुटांच्या एकाच शीटचे ४ बाय २ फुटांचे चार तुकडे होतात. ते एकावर एक चिकटवले की ७२ मिलिमीटर जाडीचा, ऋतूंची फारशी फिकीर नसलेला फळा मिळतो. फक्त तो रंधून पुन्हा सपाट करता येत नाही.

व्हाइस उजव्या हाताच्या माणसाने डाव्या टोकाला बसवावा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी इथे सुतारी व्हाइस मिळतो. यंत्रशाळेचा लोखंडी दातेरी व्हाइस घेऊ नका, तो लाकूड चावतो. एक सावधगिरीची सूचना. परदेशी पुस्तकं वाचून कुणी दुकानात ‘होल्डफास्ट’ मागेल तर त्याच्या हातात दाराची चौकट भिंतीत धरणारी लोखंडी पट्टी पडेल. बेंचच्या १९ मिलिमीटरच्या भोकात ठोकून फळी दाबून धरणारा वाकडा आकडा हवा असेल तर चित्र दाखवून लोहाराकडून घडवून घेतलेला बरा.

गॅरेजच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो. तेव्हा बेंच जागेवर ठेवून, फळा पातळीत आणून, मगच पायांखालची उंची ठरवावी. पाय थेट फरशीवर न ठेवता खाली जाड रबराचे किंवा शहाबादीचे तुकडे द्यावेत. पायांच्या उघड्या टोकांतून ओल वर चढते आणि वाळवीलाही तीच वाट आवडते. त्या टोकांना आधी बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी पाजा, ते वाळलं की वरून गोंद चोपडा.

फळा शेवटी रंध्यानेच सपाट करावा, आधी तिरपा, मग धाग्याच्या दिशेने. सँडपेपरचे कण लाकडात अडकून पुढे धारा मारतात. चकाकीचं पॉलिश नकोच, त्यावर फळी घसरते. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून दोन हात द्या. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा, विशेषतः शेजारी पेट्रोलची गाडी उभी असताना. पहिला पावसाळा सरला की दिवाळीच्या सुमाराला बोल्ट एकदा आवळावेत आणि दोन सरळ पट्ट्या फळ्याच्या दोन टोकांना आडव्या ठेवून वाकून बघावं. दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत नसतील तर फळ्याला पीळ पडलाय, आणि तेवढाच भाग रंधून काढावा लागेल.