वीज गेली म्हणून वाचलेली प्रत

जून 2017च्या अखेरीस न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. क्रेन धडधाकट होत्या, कामगार हजर होते. पण कोणता कंटेनर कुणाचा आणि कुठल्या जहाजावर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गप्प झाली. काम हाताने करावे लागले.

हा सायबरहल्ला होता. त्याचा रोख न्हावा-शेव्यावर नव्हताच, तो युक्रेनवर होता. तिथल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम 27 जूनला पसरला. न्हावा-शेव्याचे ते टर्मिनल चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे युक्रेनमध्ये हेच सॉफ्टवेअर होते. तिथून तो समूहाच्या जगभरच्या जाळ्यात शिरला. विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिच्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण बाधित संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलून तो पॅच केलेल्या यंत्रांतही घुसे. पडद्यावर 300 डॉलरच्या बिटकॉइनची मागणी दिसे. पैसे भरूनही फाइली उघडणे शक्य नव्हते. खंडणी हा मुखवटा होता, हेतू नासधुशीचा होता.

मर्स्कचा खरा पेच पुढेच होता. बऱ्याच माहितीचे बॅकअप शाबूत होते, पण ‘डोमेन कंट्रोलर’ गेले होते. कोण कर्मचारी, त्याला कशाकशात प्रवेश, हे ठरवणारे हे सर्व्हर म्हणजे इमारतीच्या पहारेकऱ्याची नोंदवही आणि किल्ल्यांचा जुडगा. ते नसतील तर बाकीचे काही उभे करता येत नाही. असे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याची प्रत सांभाळत होता. एखादा बिघडला तर ही रचना उत्तम. सगळे एकाच वेळी पुसले जातील, हा विचार तिच्यात नव्हता. मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. सतत जोडलेली प्रत यंत्राच्या बिघाडापासून वाचवते, हल्लेखोरापासून नाही.

एक सर्व्हर मात्र वाचला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. इंटरनेटवरून त्याची माहिती इंग्लंडमधल्या दुरुस्ती पथकाला पाठवायला कित्येक दिवस लागले असते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी त्या सर्व्हरची डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर हातोहात सोपवून इंग्लंडला नेण्यात आली. दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केल्याचे मर्स्कचे तत्कालीन अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी पुढे दावोसमध्ये सांगितले. मधल्या काळात कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवर, व्हॉट्सअॅपवरून बुकिंग घेत होते. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेले.

बॅकअप नीट असला तरी परतीची वाट लांबच असते. मार्च 2019मध्ये ‘लॉकरगोगा’ या खंडणीखोर प्रोग्रामने नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीला गाठले. खंडणी द्यायची नाही, हे तिने लगेच ठरवले आणि तसे जाहीरही केले. तरी सावरायला बराच काळ गेला, कारण घुसखोर हल्ल्याच्या काही महिने आधीच आत आलेले होते. बॅकअप परत चढवण्याआधी प्रत्येक यंत्र तपासणे, पासवर्ड बदलणे, चोरवाटा बुजवणे भाग होते. तोवर कारखान्यांतल्या कामगारांनी छापील ऑर्डरी हातात घेऊन, शक्य तिथे यंत्रे हाताने चालवत उत्पादन सुरू ठेवले.