ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचं बायस रीडिंग जुळत नाही? नवी ट्यूब घेण्याआधी ही चाचणी करा

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह असलेले अ‍ॅम्प्लिफायर, हौशी लोक आजही वापरतात. बायस मोजताना एक ट्यूब ७० मिलिअँपिअर आणि तिची जोडीदार ३० दाखवते, तेव्हा पहिला संशय ट्यूबवरच जातो. पण दोष दर वेळी तिचा नसतो.

बायस म्हणजे काय?

गाणं सुरू नसतानाही आउटपुट ट्यूबमधून थोडा करंट वाहतो. तो किती असावा, हे ग्रिडवरच्या निगेटिव्ह व्होल्टेजने ठरतं. यालाच बायस म्हणतात. करंट कमी पडला तर हळू आवाजातही गाणं खरखरतं. जास्त झाला तर ट्यूब तापून लवकर संपते.

पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्यूब जोडीने काम करतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोघींच्या करंटचा चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतो. करंट असमान असला की बास बिघडतो आणि स्पीकरमधली गुणगुण वाढू शकते.

आकडा बरोबर, तरीही गडबड?

१९५९ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘डायनाको स्टीरिओ ७०’चं उदाहरण घ्या. त्यात प्रत्येक चॅनलला दोन ईएल३४ ट्यूब आहेत आणि दोघींचा करंट १५.६ ओहमच्या एकाच रेझिस्टरमधून जातो. तिथे १.५६ व्होल्ट दिसले, की करंट झाला १०० मिलिअँपिअर.

पण ही बेरीज आहे. ५० अधिक ५० असो किंवा ७० अधिक ३०, मीटर १.५६ व्होल्टच दाखवणार. सुमारे ४०० व्होल्टवर ७० मिलिअँपिअर म्हणजे साधारण २८ वॅट. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट आहे. म्हणून अनेक जण प्रत्येक ट्यूबला वेगळा १० ओहमचा रेझिस्टर बसवून घेतात. मग ५० मिलिअँपिअरला ०.५ व्होल्ट दिसतात आणि फरक लगेच कळतो.

अदलाबदलीची चाचणी

अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, ट्यूब थंड होऊ द्या आणि दोघींच्या जागा बदला. पुन्हा सुरू करून १०-१५ मिनिटांनी मोजा.

• जास्तीचं रीडिंग ट्यूबबरोबर गेलं: ट्यूब जुळत नाहीत. बायसचा पॉट दोघींना एकच असेल, तर जुळलेली जोडी घ्यावी लागेल. पॉट वेगवेगळे असतील, तर फरक बहुधा तिथेच मिटतो.

• रीडिंग त्याच सॉकेटवर राहिलं: दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. कपलिंग कपॅसिटर लीक होत असेल, तर ग्रिडवरचं निगेटिव्ह व्होल्टेज घटतं आणि करंट वाढतो. सॉकेटचे सैल किंवा काळे पडलेले संपर्कही तपासा. मोजायच्या रेझिस्टरची किंमत बदलली असेल, तर रीडिंगच खोटं येतं.

दोन-चार मिलिअँपिअरचा फरक सहसा चिंतेचा नसतो. मात्र प्लेट लालभडक दिसली, तर अ‍ॅम्प्लिफायर तत्काळ बंद करा. त्या सॉकेटचं ग्रिड व्होल्टेज तपासल्याशिवाय तिथे चांगली ट्यूब लावू नका, तीही जाईल.

हात घालण्याआधी

आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. मोजण्यासाठी बाहेर टेस्ट पॉइंट नसेल आणि अशा कामाचा सराव नसेल, तर आतली तपासणी जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवा. अदलाबदलीत काय दिसलं, तेवढं त्याला सांगितलं तरी त्याचं निम्मं काम होतं.