सांख्यिकी अहवालांसाठी सामायिक संकेतस्थळ : रचनेचे काही प्रश्न
(बेज्जूर परिसराच्या संदर्भात)

महाविद्यालयीन शिक्षकाला दरवर्षी बरेच आकडे गोळा करावे लागतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे तक्ते २०१०-११ पासून भरले जात आहेत. प्रवेश, निकाल, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांच्या नोंदी त्याखेरीज वेगळ्या. हे आकडे वर पाठविले जातात आणि महाविद्यालयाच्या स्वतःच्या विचारासाठी क्वचितच परत येतात. छापील अहवालात वाचकाला लेखकाने निवडलेला तक्ताच पाहावा लागतो. परस्परसंवादी अहवालात मात्र वाचक वर्ष, गाव, शाखा असे घटक स्वतः निवडतो आणि आलेख त्यानुसार बदलतो. असे अहवाल तयार करण्याची साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. ‘शायनी’ २०१२ मध्ये आले, ‘ज्युपिटर’ २०१४ मध्ये. दोन्ही विनामूल्य मिळतात. अडचण साधनांची नसून रचनेची आहे, आणि बेज्जूरसारख्या सीमेवरील मंडलाचे उदाहरण घेतले की ती लगेच नजरेस येते.

गाव तेच, जिल्हा वेगळा

२०११ च्या जनगणनेत बेज्जूर आदिलाबाद जिल्ह्यात होते. तेव्हा त्या जिल्ह्याची लोकसंख्या २७,४१,२३९ होती. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणातील जिल्ह्यांची पुनर्रचना झाली. जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले व बेज्जूर आसिफाबादकडे गेले. त्याच वेळी पेंचिकलपेठ, चिंतलमानेपल्ली अशी काही मंडलेही नव्याने आखण्यात आली. आता एखाद्या विद्यार्थ्याने ‘आदिलाबाद’ हे नाव निवडून आलेख काढला, तर रेषा सुमारे साडेसत्तावीस लाखांवरून एकदम सुमारे सात लाखांवर कोसळते. कोणी गाव सोडून गेलेले नसते. सरकलेली असते ती हद्द.

हा प्रकार नवा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादमधून नांदेडकडे आले आणि १९५९ मध्ये राजुरा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्याला जोडण्यात आला. त्यामुळे १९५१ चा आदिलाबाद आणि १९६१ चा आदिलाबाद यांची थेट तुलना करणे चुकीचे ठरते. दीर्घकालीन अभ्यास करणाऱ्याला ही गोष्ट सांगितली नाही, तर साक्षरता, शाळागळती अशा विषयांवरचे निष्कर्षच फसवे निघतात.

यावर उपाय असा की जिल्ह्याचे नाव हा माहितीचा मूळ आधार मानू नये. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक आहे. नोंद त्या संकेतांकावर बांधावी आणि कोणते गाव कोणत्या तारखेपासून कोणत्या मंडलात व जिल्ह्यात आहे, याचा तक्ता वेगळा ठेवावा. मग वाचकाला ‘आजच्या हद्दीप्रमाणे’ आणि ‘त्या वर्षीच्या हद्दीप्रमाणे’ असे दोन पर्याय देता येतात. २०२१ ची जनगणना लांबली आणि पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविण्यात आला. म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांमध्ये तब्बल सोळा वर्षांचे अंतर आणि मध्ये एक पुनर्रचना. हा तक्ता आधीच तयार नसेल तर तुलनेचे काम तेथेच अडते.

गावांची नावेही अशाच वेगळ्या तक्त्यात असावीत. या भागात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा ऐकू येतात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यामुळे आलेखावरील शीर्षकाची दिशाही बदलावी लागते. आदिलाबाद परिसरातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांवरून ओळखली जाणारी गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली, ही आनंदाची गोष्ट. अर्थात जुन्या फोनवर ती उमटेलच असे नाही.

लहान आकडे

सर्वांत नाजूक प्रश्न येथे आहे. समजा, एका वर्गात ४० विद्यार्थी असून ३१ उत्तीर्ण झाले. पाचपेक्षा लहान संख्या दाखवायची नाही असा नियम संकेतस्थळाने केलेला आहे. वाचकाने ‘बेज्जूर’ निवडले. तेथील विद्यार्थी ३७, उत्तीर्ण ३१. शेजारच्या पाड्याचा रकाना नियमाप्रमाणे रिकामा दिसतो. परंतु साधी वजाबाकी केली की कळते, पाड्यावरचे तीन विद्यार्थी आणि तिघेही अनुत्तीर्ण. लहान गावात हे तिघे कोण, हे विचारावे लागत नाही. त्यांत एखादी मुलगी असेल तर तिचे शिक्षण तेथेच थांबविण्यास घरच्यांना एवढेही कारण पुरते.

छापील तक्ता असता तर ही वजाबाकी सुचलीही नसती. परस्परसंवादी अहवाल मात्र ती वाचकाच्या हातात देतो. म्हणून एक रकाना लपविला की दुसराही लपवावा लागतो, किंवा दोन-तीन पाडे एकत्र करून दाखवावे लागतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अनेक अहवालांत संपूर्ण तक्ता वाचकाच्या संगणकावर उतरतो आणि पडद्यावर त्याचा काही भागच दाखविला जातो. थोडी माहिती असलेला विद्यार्थी उरलेला भाग उघडून पाहू शकतो. यास्तव लपविण्याचे काम माहिती संकेतस्थळावर चढविण्यापूर्वीच झाले पाहिजे. नावे, हजेरी क्रमांक आणि मोबाईल क्रमांक तर त्या तक्त्यात नसावेतच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे व तिच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी याच वयाचे असतात.

आधीच बेरीज केलेल्या लहान तक्त्यांचा आणखी एक लाभ आहे. नदी-जंगलाच्या या पट्ट्यासारख्या भागात इंटरनेटचा वेग भरवशाचा धरून चालत नाही. दर निवडीला दूरच्या संगणकाकडून उत्तर मागविणारा अहवाल अशा ठिकाणी अडकून बसतो. काही किलोबाइटांचा तयार तक्ता एकदा उतरला की पुढे जोडणी नसतानाही आलेख बदलत राहतो. गोपनीयता आणि वेग या दोन्ही गरजा येथे एकाच उपायाने भागतात, असे क्वचित घडते.

राहता राहिला दुरुस्तीचा मुद्दा. एखाद्या महाविद्यालयाने वसतिगृहाच्या मागणीअर्जात अहवालाचा पत्ता दिला आणि दोन महिन्यांनी आकडा बदलला, तर तपासणाऱ्यास अर्जातील आकडा खोटा वाटेल. म्हणून प्रत्येक आवृत्तीला तारीख व कायमचा पत्ता असावा, जुनी आवृत्ती पुसू नये, आणि काय बदलले व कोणी बदलले याची एक ओळ तिच्या माथ्यावर असावी.