घोडा शिकायचाय? मग आधी लीद बघा

पन्नाशीच्या आसपासचं कोणी घोड्याच्या देखभालीचा कोर्स करायचा म्हणालं, की घरातून पहिला प्रश्न येतो, "आता या वयात घोड्यावर बसणार?" लगोलग दुसरा, "आणि पडलात म्हणजे?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो. घोडं पेंड खातं ते इथेच. देखभाल शिकणं आणि रपेट शिकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कोणी लक्षातच घेत नाही. शर्यतीत जॉकी घोड्याच्या पाठीवर असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा दिवस मोतद्दाराचा. खरारा, चंदी, पाणी, खूर, लीद हे सगळं तो बघतो, आणि त्यासाठी त्याला रिकिबीत पाय घालावा लागत नाही.

शंका असेल त्याने ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षांची रचना बघावी. तिथे देखभाल आणि रायडिंग यांच्या परीक्षा वेगवेगळ्या आहेत. खोगिरावर न बसता देखभालीच्या पायऱ्या चढता येतात, आणि कमाल वयाची अट नाही. फ्लोरिडा विद्यापीठाचा कोर्सेरावरचा प्राथमिक अभ्यासक्रमही घोड्याच्या रोजच्या व्यवस्थेबद्दलच आहे.

याच्या उलट टोकाचे उत्साही लोकही असतात. ते हिरोशी होकेत्सूंचं नाव पुढे करतात. हे जपानी गृहस्थ २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७१व्या वर्षी घोडेस्वारीत उतरले होते. खरं आहे, पण ते १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही होते. आयुष्यभर खोगिरावर असलेल्या माणसाचा दाखला पन्नाशीत पहिल्यांदा तबेल्यात शिरणाऱ्याला काय कामाचा? आणि देखभालीसाठी असल्या दाखल्याची गरजही नाही.

मग या कोर्सात शिकायचं असतं तरी काय? एक साधं काम घ्या, नाडी बघण्याचं. घोड्याच्या खालच्या जबड्याच्या हाडाखाली, गालाच्या गोलाईपासून थोडं पुढे, आतल्या बाजूने बोटं फिरवली की सुतळीएवढी एक शीर बोटाखाली सरकते. ती हाडावर हलकेच दाबून धरायची. अंगठा वापरायचा नाही, नाहीतर स्वतःचीच नाडी मोजाल. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. शांत उभ्या असलेल्या प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ पडते. पहिल्या दिवशी शीर सापडतच नाही, घोडा मान उडवतो, मोजणी चुकते. आठवडाभर रोज केलं की हात आपोआप तिथे जातो. आता यात वय कुठे आड आलं? चाळशी लागली असेल तर ती लावून घड्याळ बघा.

नाडी कळायला हवी, कारण पोट दुखू लागलं की ती वाढते, आणि घोड्याचं पोट हे फार नाजूक प्रकरण आहे. चारशे-पाचशे किलोच्या या जनावराचं जठर असतं जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं उलट फिरत नाही. जठरात आम्ल अखंड झरत असतं, पण ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणूनच मोकळ्यावर सोडलेला घोडा दिवसातले सोळा-सतरा तास थोडं थोडं चरत असतो. त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के इतका सुका चारा रोज पोटात जायला हवा. चारशे किलोचा घोडा असेल तर सहा ते आठ किलो.

आणि आपल्याकडे काय समजतात? हरभऱ्याचा तोबरा भरून चढवला की घोडा धट्टाकट्टा! मूठभर चंदीने काही बिघडत नाही, पण चाऱ्याच्या जागी धान्य हे गणित चुकीचं आहे. एका वेळी फार धान्य पडलं की त्यातला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही. तो मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. तिथे चारा पचवणारे जिवाणू मरतात आणि शूळ उठतो किंवा खुरांत दाह होतो. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचं, हा नियम त्यासाठीच आहे. पोटदुखीची सुरुवात फार गाजावाजा करून होत नाही. घोडा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, चारा तसाच ठेवतो, सकाळची लीद रोजच्यापेक्षा कमी दिसते. घरातलं आजारपण काढलेल्या माणसाला "आज काहीतरी वेगळं आहे" हे हेरायला शिकवावं लागत नाही. त्याने फक्त कुठे बघायचं ते शिकायचं.

"पण ताकद?" असा आणखी एक हमखास प्रश्न असतो. घोड्याशी जोर लावून कोणीच जिंकत नाही, पंचविशीतला पैलवानसुद्धा. पाय उचलायचा तर खांद्यावरून हात खाली सरकवत न्यायचा, घोट्याच्या वर हलकं दाबायचं, आणि घोड्याने पाय दिला की दाब सोडायचा. त्याला कळतं ते हे सोडणंच. तरी एक कबूल करायला हवं. गवताचे भारे आणि पाण्याच्या बादल्या कंबरेला जाणवतात. गुडघे कुरकुरत असतील तर खूर साफ करताना जमिनीवर गुडघे टेकू नका, ओणवे राहा. तसंही तेच सुरक्षित आहे, कारण घोडा दचकला तर चटकन बाजूला होता येतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, झटपट आटपतो. घोडा उभ्यानेच झोपतो? डुलक्या उभ्याने घेतो, गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, म्हणून अंथरूण कोरडं हवं. नाल ठोकताना दुखतं? खिळा खुराच्या बाहेरच्या, संवेदना नसलेल्या भिंतीत जातो. नालबंद चुकला तरच दुखतं. पोट दुखतंय म्हणून घोड्याला तास न् तास फिरवत ठेवायचं? थोडं फिरवणं ठीक, पण डॉक्टरला बोलवायला उशीर करण्याची ती सबब होऊ देऊ नका, आणि तोंडातून काढे तर मुळीच ओतू नका. स्वतःचा घोडा असल्याशिवाय शिकता येत नाही? उलट, शिकल्याशिवाय घोडा घेऊ नये. सारंगखेड्याच्या बाजारात हौसेने घोडा घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. प्रमाणपत्र मिळालं की औषधपाणी करता येतं? नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. कोर्स केलेल्या माणसाने त्याला वेळेवर बोलवायचं आणि नाडी, ताप, शेवटची लीद कधी पडली हे नीट सांगायचं.

तबेल्यात पाऊल टाकण्याआधी धनुर्वाताची लस घेतली आहे का, ते तपासा. त्याचे जंतू लिदीत आणि तिथल्या मातीत असतात, आणि मोठ्या माणसांना शेवटचा डोस कधी घेतला ते सहसा आठवत नाही. मग फी भरण्याआधी एकदा सकाळी तिथे जा आणि शिकवणाऱ्याला विचारा, नाडी बघणं, खूर साफ करणं, चाऱ्याचं वजन करणं हे सगळं आम्ही स्वतः करणार का? "ते सगळं मोतद्दार करतो, तुम्ही फक्त बसा" असं उत्तर आलं, तर तो देखभालीचा कोर्स नाही. दुसरीकडे चौकशी करा.