दोष डिस्कचा की केबलचा?

संगणक अचानक मंदावतो, मोठी फाइल कॉपी होताना मध्येच थबकतो आणि काही क्षणांनी पुन्हा चालू लागतो. अशा वेळी हार्ड डिस्क निकामी झाल्याचे गृहीत धरून नव्या डिस्कचा खर्च केला जातो. प्रत्यक्षात डिस्क निर्दोष असू शकते आणि दोष तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या स्वस्त केबलमध्ये असू शकतो.

पूर्वी डिस्कसाठी रुंद, चपटी केबल असे. तिच्यातून १६ बिट एकाच वेळी समांतर धावत. वेग वाढताच शेजारच्या तारांतील संकेत एकमेकांत मिसळू लागले, म्हणून ४० तारांच्या ८० कराव्या लागल्या. वाढीव तारा केवळ आडोशासाठी होत्या. तरीही ही पद्धत सेकंदाला १३३ मेगाबाइटच्या पुढे गेली नाही. २००३ च्या सुमारास तिची जागा 'सिरियल एटीए' अर्थात 'साटा'ने घेण्यास सुरुवात केली. यात बिट एकामागून एक जातात. पहिल्या आवृत्तीचा वेग सेकंदाला दीड अब्ज बिट होता. २००९ मधील तिसऱ्या आवृत्तीत तो सहा अब्जांवर पोहोचला. म्हणजे एका बिटच्या वाट्याला सेकंदाचा सहा अब्जावा भाग येतो. एवढ्या अल्पावधीत विजेचा किंचित अडथळाही 'एक'चे 'शून्य' करू शकतो. तंत्रज्ञ या अडथळ्याला 'नॉइज' म्हणतात.

त्यावरचा पहिला उपाय केबलमध्येच आहे. एकच संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपात पाठवला जातो. बाहेरचा अडथळा दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. स्वीकारणारी बाजू फक्त दोहोंतील फरक मोजत असल्याने तो वजा होऊन जातो. शिवाय दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवले जातात, जेणेकरून एकच चिन्ह सलग फार वेळ राहू नये आणि दोन्ही टोकांचा ताल सुटू नये.

एवढे करूनही चूक झालीच, तर दुसरा पहारा असतो. माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी ३२ बिटांची पडताळणी-संख्या जोडलेली असते. तिला 'सीआरसी' म्हणतात. बिलाखालची बेरीज जुळली नाही, तर कोणता आकडा चुकला हे कळत नाही, पण चूक झाली हे नक्की कळते. तसेच येथे घडते. सलग ३२ बिटांपर्यंतची बिघाडी हमखास पकडली जाते. त्याहून विस्कळीत चूक निसटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक असते. हिशेब जुळला नाही की गठ्ठा नाकारला जातो आणि माहिती पुन्हा मागवली जाते.

म्हणूनच बहुधा माहिती बिघडत नाही, वेळ मात्र जातो. चुका वारंवार होऊ लागल्या, तर लिनक्ससारखी प्रणाली जोडणीचा वेग सहावरून तीन आणि तीनवरून दीड अब्ज बिटांवर आणते.

दोष कोठे आहे, हे डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदींवरून ओळखता येते. बहुतेक डिस्कमध्ये १९९ क्रमांकाची नोंद सीआरसी चुका मोजते. ती वाढत असेल, तर प्रथम संशय केबलवर घ्यावा. क्रमांक ५ आणि १९७ वाढत असतील, तर मात्र डिस्कचाच पृष्ठभाग खराब होत आहे. तेव्हा विलंब न करता माहिती अन्यत्र उतरवून घ्यावी.

केबलचा संशय असल्यास वीजपुरवठा बंद करून ती घट्ट बसवावी, नाही तर बदलावी. तिला तीक्ष्ण घडी पडू देऊ नये आणि लांबी एक मीटरपेक्षा अधिक नसावी. फरक न पडल्यास दुसरा पोर्ट वापरून पाहावा. केबल बदलल्यावरही १९९ चा जुना आकडा कमी होत नाही; तो पुढे वाढतो का, एवढेच पाहायचे असते.

मात्र हा पहारा केवळ वाटेवरचा आहे. मेमरीतच बिघडलेली माहिती योग्य सीआरसीसह निर्वेधपणे डिस्कवर पोहोचते. घरातील छायाचित्रे असोत वा दुकानाचा हिशेब, त्यांची दुसरी प्रत ठेवण्याला पर्याय नाही.